ओघळ छतावरून येतात

पत्र: आम्ही ९ वर्षं जुनी कॅम्परव्हॅन घेतली. पुढची केबिन पत्र्याची, मागचा राहण्याचा भाग फायबरचा. गेल्या महिन्यात प्रेशर वॉशरने ती लख्ख धुतली. दोनच दिवसांत खिडक्यांच्या कोपऱ्यांखाली काळे ओघळ परत आले. मागच्या भिंतीवर हात फिरवला की हाताला पांढरी भुकटी लागते. खिडक्या घरातल्या काचेच्या स्प्रेने पुसल्या, तर एका खिडकीत बिजागरीजवळ केसासारख्या बारीक रेषा दिसू लागल्यात. आणि आता पलंगावरच्या छताच्या खिडकीशेजारी, आतल्या अस्तरावर, तळहाताएवढा पिवळट डाग पडलाय. गाडी नीट धुवायची तरी कशी? आणि सिरॅमिक कोटिंग करून घेतलं तर ही कटकट कायमची मिटेल का?

उत्तर: डागाबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलंय, आपण सुरुवात तिथूनच करू. त्या डागाचा निकाल लागेपर्यंत गाडी धुवायला काढू नका. ती आणखी महिनाभर मळकी राहिली तर काही बिघडत नाही. अशा गाड्यांचं छत आणि भिंती बहुधा थरांच्या असतात: बाहेर फायबर, मध्ये फोम, ठिकठिकाणी लाकडी पट्ट्या, आत पातळ प्लाय. या थरांत शिरलेल्या पाण्याला वाळायला वाटच मिळत नाही. लाकूड मऊ पडतं, प्लाय सुटतो, आणि धुलाईचं प्रकरण सुतारकामापर्यंत जातं.

आधी हा डाग गळतीचाच आहे ना, ते बघून घ्या. छताच्या खिडकीच्या आतल्या प्लास्टिकवर सकाळी थेंब दिसतात आणि दुपारपर्यंत नाहीसे होतात, तो नुसता घाम: रात्रीच्या श्वासाचा आणि स्वयंपाकाच्या वाफेचा. अस्तरावर गडद कड असलेला पिवळट डाग मात्र लाकडाचा किंवा गोंदाचा रंग घेऊन उतरलेल्या पाण्याचा असतो. तुमच्या वर्णनावरून हा दुसरा प्रकार दिसतो.

प्रेशर वॉशरने काय झालं असेल याचा अंदाज सहज येतो. छताच्या खिडकीचं रबर आणि चौकटीखालचं सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा चिकट थर, पावसाच्या हिशेबाने केलेलं असतं. पाऊस वरून पडतो आणि उताराने निघून जातो. प्रेशर वॉशरची १०० बार दाबाची धार हातभर अंतरावरून आडवी मारली की ती रबराची कड उचलून मागे घुसते. नव्या गाडीतही हे होऊ शकतं. तुमच्या गाडीचं सीलंट ९ वर्षं ऊन खाऊन कडक झालेलं असणार आणि त्याला बारीक भेगा पडलेल्या असणार. गळती आज ना उद्या होणारच होती; धारेने ती लवकर उघडी पाडली.

दोन पिनांचं, लाकडाचा ओलावा मोजणारं मीटर मिळवा. पिनांची बारीक भोकं राहतात, म्हणून जिथे जमेल तिथे कपाटाच्या आत किंवा पट्टीच्या आडोशाला टोचा. डागापासून चारही बाजूंना दर १० सेंटिमीटरवर मोजा आणि आकडे कागदावर मांडा. १५ टक्क्यांच्या खाली असेल तर चिंता नाही, १५ ते २० असेल तर लक्ष ठेवायचं, २० च्या वर म्हणजे पाणी आत आहे. आकडा ज्या दिशेने चढत जातो त्या दिशेला पाण्याचं तोंड. डागाच्या बरोबर वर भोक असेल असं धरून चालू नका. पाणी छताच्या उताराने, कधी लाकडी पट्टीच्या कडेने बरंच लांब जातं. त्यामुळे गाडी कोणत्या बाजूला कललेली उभी होती तेही आठवा.

मग नळीची परीक्षा. साधी बागेची नळी घ्या, तोंडाला नोझल नको, पाणी नुसतं वाहू द्या. आत एक जण टॉर्च घेऊन बसलेला हवा. उताराच्या सगळ्यात खालच्या जोडापासून सुरुवात करा, एका जोडावर ५ मिनिटं थांबा, मग वरच्या जोडाकडे सरका. सुरुवात वरून केली तर पाणी सगळ्या जोडांवरून खाली येतं आणि आत थेंब दिसला तरी तो कुठला ते कळत नाही. इथे घाई करणारे लोक नको ते स्क्रू उघडून बसतात.

गळती झाकणाच्या रबरातून असेल तर काम सोपं. रबर पुसा, बोटाने दाबून बघा. दाबल्यावर फुगून परत वर येत नसेल, चपटंच राहत असेल, तर बदला. चौकटीखालून असेल तर मात्र चौकट काढावी लागते. जुन्या सीलंटवर नव्या सीलंटचा लेप देणं हा सगळ्यात प्रचलित आणि सगळ्यात वाईट उपाय आहे. भेग खाली तशीच राहते आणि आत गेलेलं पाणी वर यायची उरलीसुरली वाटही बंद होते. चौकट सोडवा, जुना चिकट थर प्लास्टिकच्या स्क्रेपरने खरवडा, फायबरवर उरलेला चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हे अल्कोहोल खिडकीच्या पारदर्शक प्लास्टिकला लागू देऊ नका. कारण खाली येईलच. भोकाची लाकडी कड उघडी पडली की ती वाळू द्या. वरून ताडपत्रीचा आडोसा, आतून पंखा, आणि मीटर १५ च्या खाली येईपर्यंत थांबायचं. यात दोन दिवसही जातील किंवा दोन आठवडेही. ओल्या लाकडावर केलेलं सील म्हणजे पाणी आत कोंडणं.

चौकटीखाली ३ मिलिमीटर जाडीची ब्यूटाइल टेप, म्हणजे मऊ, चिकट रबराची पट्टी, लावा. ही टेप वर्षानुवर्षं मऊ राहते, म्हणून गाडी हलली, उन्हात छत फुगलं-आकसलं तरी ती सोबत राहते. स्क्रू ड्रिलने आवळू नका. हाताने, समोरासमोरचे, थोडे थोडे. प्लास्टिकची चौकट जास्त आवळली की स्क्रूच्या भोकापासून तडकते. एक-दोन उबदार दिवसांनी टेप दबून कडेने बाहेर येते; तेव्हा स्क्रू पाव फेरा पुन्हा आवळा आणि बाहेर आलेली टेप प्लास्टिकच्या पातीने कापून टाका. शेवटी स्क्रूच्या डोक्यांवर आणि चौकटीच्या कडेवर एमएस पॉलिमर या प्रकारचं, ट्यूबमधून येणारं लवचिक सीलंट. ट्यूबवर ते तुमच्या चौकटीच्या प्लास्टिकला चालतं असं लिहिलेलं आहे का ते वाचा. हे सीलंट दिवसाला साधारण २ ते ३ मिलिमीटर खोल पिकतं, थंडीत त्याहून हळू. म्हणून निदान दोन दिवस पाणी नको. सिलिकॉन वापरू नका. ते चिकटतं चांगलं, पण सुटल्यावर त्याचा जो तेलकट अंश मागे राहतो त्यावर पुढे दुसरं काहीच धरत नाही, आणि तो पूर्ण काढणं जवळजवळ अशक्य असतं.

वर चढलाच आहात तर छतावरचा बाकीचा प्रत्येक जोडही बघून घ्या: सौर पॅनेलचे पाय, अँटेना, वायर आत जाते ती डबी, टाकीच्या हवेची नळी, आणि केबिन व फायबर जिथे भेटतात तो सांधा. वर्षातून दोनदा, पावसाळी दिवसांच्या आधी आणि नंतर, हे बघायचंच.

वर चढायचं म्हणजे छतावर उभं राहायचं असं मात्र नाही. पुष्कळ छतं माणसाचं वजन एका पायावर पेलण्यासाठी बनवलेली नसतात. पाऊल पडलं की फोम दबतो आणि थर सुटतात. गाडीच्या पुस्तिकेत परवानगी असेल तरच, तीही फळी टाकून. नाहीतर बाजूला शिडी लावून काम करा. शिडीचं टोक जिथे टेकतं तिथून जमिनीपर्यंत जेवढी उंची, त्याच्या चौथ्या भागाइतका शिडीचा पाय गाडीपासून लांब हवा. टेकते तिथे गादी बांधा, आणि ती पन्हळीच्या पट्टीवर टेकवू नका. साबणाच्या पाण्याने ओलं झालेलं फायबर बर्फासारखं घसरतं.

आता ओघळांकडे. ते छतावरून येतात. छतावर धूळ, धुराची काजळी, झाडांचा चीक आणि जुन्या रबर-सीलंटमधून सुटणारी काळी भुकटी साठते. दिवसा ती कोरडी पडून असते. रात्री दव पडतं, थोडंसं पाणी तयार होतं, भिंत धुऊन निघेल एवढं नाही, पण ही घाण घेऊन खाली उतरेल एवढं. ते पन्हळीच्या टोकांना आणि खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यांना गोळा होतं आणि एकाच रेषेत खाली सरकतं. तुम्ही भिंती धुतल्या, छत मात्र बहुधा घासलं नाही, म्हणून दोन दिवसांत ओघळ परत. शिवाय मागची भिंत भुकटलेली आहे, म्हणजे तिचा पृष्ठभाग सच्छिद्र झालाय. अशा भिंतीत डाग नुसता वर बसत नाही, आत मुरतो. तुमच्या दोन तक्रारी एकाच दोरीची दोन टोकं आहेत.

पन्हळीच्या टोकांना पाणी भिंतीपासून दूर सोडणारी छोटी प्लास्टिकची चोच बसवता येते. पाच मिनिटांचं काम, फरक मोठा.

धुण्याआधीची तयारी आता सांगतो, कारण बहुतेक नुकसान इथेच होतं. बाहेरून जोडलेली वीज काढा आणि त्या सॉकेटचं झाकण बंद करा. सगळ्या खिडक्या, छताची झाकणं, पाण्याच्या टाकीचं आणि इंधनाचं तोंड, शौचालयाच्या कॅसेटचं, म्हणजे काढता येणाऱ्या मैल्याच्या टाकीचं, दार बंद. फ्रिजच्या बाहेरच्या दोन जाळ्यांवर त्यांची झाकणं बसवा. नसतील तर प्लास्टिक आणि कागदी टेप. हीटरच्या धुराड्याच्या तोंडावरही तसंच. मग ही सगळी झाकणं काढायची आठवण म्हणून स्टिअरिंगवर चिठ्ठी चिकटवा. धुराडं बंद असताना हीटर चालू केला किंवा जाळ्या बंद असताना फ्रिज गॅसवर चालवला, तर तो विसराळूपणा महागात पडतो. गॅस सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला असलेली भोकं मात्र कधीच बंद करायची नाहीत. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळलाच तर त्या भोकांतूनच बाहेर जाणार. उलट धुताना ती चिखलाने बुजलेली नाहीत ना, ते पाहा.

गाडी सावलीत उभी करा, किंवा सकाळी लवकर. तापलेल्या पृष्ठभागावर शाम्पू वाळतो आणि पाण्यातले क्षार पांढरे ठिपके सोडून जातात. एक टोक किंचित उंच राहील असं उभं केलं तर छतावर पाणी साचत नाही.

लागणारं सामान फार नाही: १५ ते २० लिटरच्या दोन बादल्या, दोन्हींच्या तळाला जाळी असेल तर उत्तम, लांब दांड्याचा मऊ ब्रश, टोकं फुटलेल्या केसांचा, मायक्रोफायबरचे दोन हातमोजे, एक वरच्या अंगासाठी, एक खालच्यासाठी, न अल्कली, न आम्ल असा गाडीचा शाम्पू. भांड्यांचा साबण नको. तो चरबी काढण्यासाठीच असतो, त्यामुळे मेणाचा थरही घेऊन जातो, आणि पुढच्या वेळी ओघळ आणखी घट्ट बसतात. शाम्पूचं प्रमाण बाटलीवर असतं; साधारण १० लिटरला २५ मिलिलिटरच्या आसपास. दुप्पट घातला म्हणून दुप्पट स्वच्छ होत नाही, धुऊन काढायला मात्र दुप्पट पाणी लागतं.

पहिलं छत. नळीने भिजवा, ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा. सौर पॅनेल थंड असतानाच, फक्त पाणी आणि मऊ ब्रश. हे पाणी भिंतींवरून काळं होऊन उतरेल, म्हणून ते उतरण्याआधी भिंती ओल्या करून ठेवा. कोरड्या भिंतीवर घाण पटकन धरते. छतावरून उतरणारं पाणी स्वच्छ दिसायला लागलं की मगच भिंतींना हात लावायचा.

ओघळांसाठी कॅरव्हॅनचा क्लीनर स्प्रेच्या बाटलीत पातळ करा. १ भाग क्लीनर, १० भाग पाणी इथून सुरुवात करा आणि बाटलीवर वेगळं लिहिलं असेल तर ते माना. खालून वर मारत जा. वरून मारलं तर त्याच्या धारा कोरड्या-मळक्या भिंतीवरून खाली पळतात आणि त्या धारांच्या रेषा नंतर वेगळ्या दिसतात. ३ ते ५ मिनिटं थांबा, वाळू देऊ नका, मग वरून खाली धुवा. ट्रक धुण्याचे जोरदार अल्कली क्लीनर ओघळ क्षणात काढतात, पण उघड्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर न जाणारे पांढुरके डाग पाडतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

मग दोन बादल्या. एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. हातमोजा शाम्पूत बुडवायचा, साधारण मीटरभर रुंदीचा पट्टा वरून खाली पुसायचा, साध्या पाण्यात पिळायचा, परत शाम्पूत. साधं पाणी गढूळ झालं की बदला. एवढ्या मोठ्या गाडीला निदान दोन-तीनदा बदलावं लागेल. गुडघ्याच्या खालचा भाग आणि चाकं अगदी शेवटी, दुसऱ्या मोज्याने. रस्त्यावरची वाळू खालच्या भागावरच बसलेली असते, आणि तोच मोजा वर फिरला की पॉलिश पेपरचं काम करतो.

पुढच्या बाजूला चिकटलेले किडे घासायचे नाहीत. ओला टॉवेल १० मिनिटं पसरून ठेवा, मऊ झाले की पुसले जातात. पक्ष्यांच्या विष्ठेचंही तेच, आणि तिला आठवडाभर वाट बघायला लावू नका, रंगात खड्डा पडतो. डांबराचे ठिपके काढायचं द्रावण फक्त पत्र्याच्या रंगावर. प्लास्टिकचे बंपर आणि खिडक्या यांच्यापासून लांब.

प्रेशर वॉशर विकून टाका असं सांगणार नाही. चाकांच्या कमानींच्या आत, पायदानाखाली, चेसिसवर तो कामाचा आहे. इतरत्र वापरायचाच तर पंख्यासारखी पसरणारी २५ ते ४० अंशांची नोझल, निदान ५० ते ६० सेंटिमीटर अंतर, धार वरून खाली. खिडक्यांच्या कडा, छताची झाकणं, जाळ्या, दारांची रबरं, स्टिकर आणि टायरच्या बाजूच्या भिंती यांच्यावर तो मुळीच नको. फिरत्या टोकाची, एका बिंदूवर मारणारी नोझल गाडीजवळ आणूच नका. टायरच्या आतल्या दोऱ्यांना झालेली इजा बाहेरून दिसतसुद्धा नाही.

धुऊन झालं की मोठ्या मायक्रोफायबर टॉवेलने टिपा. दारांच्या आणि कप्प्यांच्या कडा उघडून आतलं पाणीही पुसा. याच वेळी दारांच्या खालच्या कडेची निचऱ्याची भोकं आणि समोरच्या काचेखालची पानं अडकणारी खाच साफ करा. ती खाच तुंबली की पाणी केबिनमध्ये उतरतं, आणि लोक महिनोन् महिने काचेच्या रबराला दोष देत बसतात.

खिडक्यांबद्दल वाईट बातमी आहे. केबिनच्या काचा खऱ्या काचेच्या असतात, पण राहत्या भागाच्या खिडक्या ॲक्रिलिकच्या, दोन थरांच्या. काचेच्या स्प्रेमध्ये बहुधा अल्कोहोल किंवा अमोनिया असतो. ॲक्रिलिकवर जिथे ताण असतो, म्हणजे बिजागरी, कडी, आधाराचा दांडा यांच्याजवळ, तिथे त्याने आतपर्यंत बारीक तडे जातात. पॉलिशने हे तडे जात नाहीत, कारण ते पृष्ठभागावर नसतात. म्हणून त्या खिडकीवर पुन्हा काही रसायन घालू नका, ती वाऱ्यात सताड उघडी ठेवू नका आणि प्रवासात तिची कडी पूर्ण लागली आहे ना ते पाहा. तडे बिजागरीपासून कडेला पोचले की खिडकी बदलायची. बाकीच्या खिडक्यांना फक्त पुष्कळ पाणी आणि शाम्पूचा मऊ मोजा. कोरडी धूळ कधी पुसू नका. ॲक्रिलिक काचेपेक्षा खूप मऊ असतं. वरवरच्या ओरखड्यांना ॲक्रिलिकचं पॉलिश हाताने लावून बघता येतं, मशीनने नको, उष्णतेने पृष्ठभाग चिकट होतो. दोन थरांमध्ये धुकं दिसत असेल आणि कोपऱ्यात बारीक बूच असेल, तर कोरड्या उबदार दिवशी ते बूच काढून ठेवा, ओल निघून गेली की परत लावा.

राहिली भुकटी. फायबरवरचा चकचकीत थर, जेलकोट, उन्हाने वरून कुजतो आणि तेच हाताला पांढरं लागतं. हा थर साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो, काही ठिकाणी त्याहून पातळ. पत्र्याच्या रंगावरचा पारदर्शक लाखेचा थर मात्र जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका किंवा त्याहून पातळ. म्हणून केबिनवर आणि भिंतीवर एकच कंपाउंड, म्हणजे वरचा थर घासून काढणारी पेस्ट, सारख्याच जोराने चालवायचं नाही. भिंत जे सहन करते त्याने केबिनचा रंग उघडा पडू शकतो.

धुऊन वाळलेल्या भिंतीवर ३० बाय ३० सेंटिमीटरचा एक कोपरा निवडा, नजरेला सहसा न पडणारा. आधी सौम्य पॉलिश हाताने लावून बघा. चमक परत आली तर जोरदार कंपाउंडची गरजच नाही. आली नाही तर मध्यम कंपाउंड. तेही चाललं नाही तरच भरड. पूर्ण भिंतीला मशीन लागतं, दोन हालचालींचं, म्हणजे गोल फिरता फिरता हलणारं. नुसतं गरगर फिरणारं मशीन नवशिक्याच्या हातात एका जागी रेंगाळतं आणि जेलकोट जाळतं. ५० बाय ५० सेंटिमीटरचा तुकडा, मशीन सावकाश सरकवत चार ते सहा फेरे, मग पुसून बघा. पॅड भुकटीने पटकन भरतं, प्रत्येक तुकड्यानंतर ब्रशने साफ करा. कोपरे, उंचवटे आणि कडा इथे थर पातळ असतो, तिथे मशीन नको, हातानेच. स्टिकर आणि रबरांवर आधी कागदी टेप लावा. रबरात गेलेलं पांढरं कंपाउंड वर्षभर दिसत राहतं. कंपाउंड चोळूनही आतून विणीसारखी जाळी दिसू लागली, तर जेलकोट संपला. तिथे थांबा, ते काम रंगाऱ्याचं.

चमक आली की त्याच दिवशी मेण किंवा पॉलिमर सीलंट लावा. हे जोडांचं सीलंट नव्हे, मेणासारखाच पुसून लावायचा संरक्षक थर. उघडा सोडलेला ताजा जेलकोट पुन्हा लवकर भुकटतो. मेण तीन-चार महिने टिकतं, पॉलिमर सहा महिने ते वर्षभर. गाडी उघड्यावर उभी असेल तर आकडे कमीच धरा. भिंतीच्या वरच्या हातभर पट्ट्याला आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांखाली दोन हात द्या. ओघळ तिथेच सुरू होतात, आणि मेणावरचा ताजा ओघळ ओल्या फडक्याने निघतो.

रबरांना वर्षातून दोनदा रबरासाठीचं पाण्यावर आधारित द्रावण किंवा ग्लिसरीन पुरतं. पेट्रोलजन्य तेलं आणि ग्रीस नको, रबर फुगून ढिलं पडतं. सरकत्या दाराचा रूळ आधी वाळूमुक्त करायचा, मग सुकी पीटीएफई (टेफ्लॉन) फवारणी. जाड ग्रीसमध्ये वाळू अडकून तीच रूळ खाते. केबिनच्या पुढच्या कडेला खडे लागून रंग उडालेले ठिपके आत्ताच रंगाच्या काडीने भरून टाका. समुद्रकाठी किंवा मीठ टाकलेल्या रस्त्यांवर जाऊन आलात तर त्याच आठवड्यात गाडीखाली बागेला पाणी शिंपडणारा स्प्रिंकलर ठेवून १५-२० मिनिटं गोडं पाणी सोडा, मध्येमध्ये जागा बदलत. ऑनिंग, म्हणजे गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छप्पर, ओली गुंडाळावीच लागली तर एक-दोन दिवसांत उघडून वाळवा. त्यानंतर आलेली बुरशी कापडातून पूर्ण निघत नाही.

सिरॅमिक कोटिंगने, म्हणजे पृष्ठभागावर चढवलेल्या कडक पारदर्शक लेपाने, कटकट मिटत नाही. भुकटलेल्या जेलकोटवर ते धरत नाही, म्हणजे आधी कंपाउंडचं सगळं काम करावंच लागतं, आणि नंतरही छत धुवावंच लागतं. फक्त घासायला कमी लागतं. गळतीचं तर त्याच्याशी काही देणंघेणंच नाही. गाडी वर्षभर उघड्यावर उभी राहणार असेल आणि भिंत आधीच तयार झाली असेल, तर करून घ्यायला हरकत नाही. बाटलीवर ॲक्रिलिकला चालतं असं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर करणाऱ्याला राहत्या भागाच्या सगळ्या खिडक्या आणि छताची झाकणं आधी पूर्ण झाकायला सांगा.